स्तंभनापूर्वी : सातव्या महिन्यानंतरच्या रक्तस्रावाचा विचार

गर्भिणीस रक्तदर्शन झाले की घरातील मंडळी प्रथम ज्याच्याकडे धाव घेतात तो बहुधा गावातला वैद्य असतो, आणि वैद्याच्याही आधी पुष्कळदा कोपऱ्यावरचा औषधविक्रेता असतो. ‘वहिनींच्या अंगावरून लाल जातंय, थांबायला काहीतरी द्या’ हे वाक्य ज्यांच्या कानांवर कधीच आले नाही असे आपल्यापैकी फार थोडे असतील. तिसऱ्या महिन्यातील असा स्राव आणि आठव्या महिन्यातील असा स्राव यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. परंतु मागणारा दोन्हींसाठी एकच औषध मागतो आणि, दुर्दैवाने, देणाराही कित्येकदा एकच देतो. प्रस्तुत लेखात आम्ही सातव्या महिन्यापासून प्रसवापर्यंतच्या रक्तस्रावाचाच विचार करणार आहोत.

विषयप्रवेशापूर्वी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हास आवश्यक वाटते. सन १९९८ च्या पावसाळ्यात, आम्ही घाटमाथ्यावरील एका लहान गावी चिकित्सा करीत असताना, आठवा महिना चालू असलेली एक गर्भिणी आमच्याकडे आणण्यात आली. दुसरी खेप. पहाटे झोपेतून उठल्यावर एक लुगडे भिजेल इतका लालभडक स्राव झाला होता. पोटात दुखत नव्हते, कळा नव्हत्या, नाडी स्थिर होती. आम्ही तिला अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले. चंद्रकला रस, प्रवाळपिष्टी आणि लोणी-खडीसाखरेतून नागकेशर दिले. सायंकाळपर्यंत स्राव पूर्ण थांबला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी नारळ आणून ठेवला. आम्हीही आपल्या टिपणवहीत ‘उत्तम उपशय’ अशी नोंद केली आणि, खरे सांगायचे तर, ती नोंद करताना आम्हास थोडा अभिमानही वाटला.

एकोणिसाव्या दिवशी मध्यरात्री तिचे अंथरूण रक्ताने भिजले. जीपमधून चाळीस किलोमीटरचा घाट उतरून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्यात आले. सिझेरियन झाले, रक्ताच्या चार बाटल्या द्याव्या लागल्या. आई वाचली, बालक काही तासच जगले. वार गर्भाशयाच्या तोंडावर होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आम्हास एकच प्रश्न विचारला, ‘पहिला स्राव केव्हा झाला होता?’ आम्ही उत्तर दिले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

यश कोणाचे?

वार खाली असताना होणारा पहिला स्राव बहुधा आपोआप थांबतो. हे वाक्य साधे आहे, पण आमच्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म त्यातच आहे. त्या दिवशी आम्ही चंद्रकलेऐवजी साखरेचे पाणी दिले असते तरी सायंकाळपर्यंत स्राव थांबण्याची शक्यता तितकीच होती. परंतु औषध दिले गेले, स्राव थांबला, आणि औषधास यश मिळाले असे रुग्णास, नातेवाइकांस व स्वतः वैद्यासही वाटले. त्या वाटण्यापायी तिचे एकोणीस दिवस वाया गेले. त्या दिवसांत सोनोग्राफी होऊ शकली असती, रक्तगट तपासून रक्ताची तजवीज करता आली असती, तिला घाटाखाली मोठ्या रुग्णालयाच्या जवळ नेऊन ठेवता आले असते. उपशयावरून निदान करण्याची आपली परंपरा मोठी आहे, पण जो व्याधी स्वभावतःच थांबून थांबून उसळतो, तेथे उपशय फसवा ठरतो.

हीच फसगत आणखी एका ठिकाणी होते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असा अहवाल आला की काही ठिकाणी ‘वार वर सरकण्याची’ औषधे सुरू केली जातात. वस्तुस्थिती अशी की विसाव्या आठवड्याच्या सुमारास खाली दिसलेल्या वारांपैकी दहांत सुमारे नऊ पुढे आपोआपच गर्भाशयमुखापासून दूर जातात, कारण गर्भाशयाचा अधोभाग पुढे वाढतो व ताणला जातो. अशा दहा स्त्रियांस कोणतेही चूर्ण दिले तरी नऊ जणींत गुण येणारच. त्या नऊ जणींच्या जोरावर दहावीस निर्धास्त करणे हा अपराध होय.

संहितांची मर्यादारेषा

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, जातिसूत्रीय अध्यायात, गर्भिणीच्या पुष्पदर्शनाचा विचार आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात स्राव झाल्यास गर्भ टिकणे कठीण, कारण तो अद्याप अजातसार असतो. चौथ्या महिन्यापासून पुढे क्रोध, शोक, भय, व्यवाय, व्यायाम, संक्षोभ इत्यादी कारणांनी स्राव झाल्यास गर्भस्थापनाचा विधी करावा, असा तेथील आशय आहे. मृदू व शीतल शय्या, शिर किंचित खाली, नाभीखाली शतधौत घृताचा लेप, शीत परिषेक, यष्टिमधुसिद्ध घृताचा पिचू, क्षीरी वृक्षांचे कषाय, लघु व शीत आहार हा सर्व क्रम वाचकांना परिचित आहेच. सुश्रुताचार्यांनी चौथ्या महिन्यापर्यंत स्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पात अशी विभागणी केली, आणि कृमी, वात किंवा आघात यांमुळे अवेळी देठापासून सुटणाऱ्या फळाची उपमा दिली.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की स्राव आणि पात या दोन्ही संज्ञा सहाव्या महिन्यापाशी संपतात. त्यापुढे शास्त्र प्रसव, मूढगर्भ आणि अपरासंग यांची भाषा बोलते. प्रसवानंतर अपरा न पडणे यावर संहितांत पुष्कळ लिहिले आहे. परंतु अपरा मुळातच गर्भाशयाच्या अधोभागी रुजली तर काय होते, याचे वेगळे प्रकरण तेथे आपल्याला मिळत नाही. गर्भ पोटात असताना अपरेची जागा पाहण्याचे साधनच तेव्हा नव्हते. यात न्यूनत्व मानण्याचे कारण नाही. मात्र चौथ्या महिन्याचा गर्भस्थापन विधी जसाच्या तसा आठव्या महिन्यात वापरणे, हे संहितेचे अनुसरण नसून तिने आखलेली रेषा ओलांडणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रक्तपित्ताच्या चिकित्सासूत्राचा आधार घेणारेही आपल्यात आहेत. त्यांना आम्ही इतकेच सुचवू की अधोग रक्तपित्ताची शोधनचिकित्सा वमन आहे, आणि गर्भिणीस ते वर्ज्य आहे. तेव्हा ते सूत्र येथे लागू पडत नाही हे उघड आहे. रक्तपित्त प्रकरणातून घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. तो व्याधी अग्नीसारखा शीघ्रकारी आहे आणि त्यात वैद्याने त्वरा करावी, हा चरकाचार्यांचा इशारा. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून दर मिनिटास सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहत असते हे एकदा ध्यानात आले, म्हणजे या इशाऱ्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

दोन प्रमुख कारणे

आधुनिक प्रसूतिशास्त्रात या स्रावाची ढोबळ विभागणी दोनशे वर्षांहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्विच येथील एडवर्ड रिग्बी यांनी ‘अपरिहार्य’ आणि ‘आकस्मिक’ असे दोन भेद केले. पहिल्यात वार खाली असते, आणि अधोभाग ताणला जाऊ लागला की ती थोडीतरी सुटणारच, म्हणून स्राव अपरिहार्य. दुसऱ्यात वार आपल्या योग्य जागी असूनही अकाली सुटते. आज यांस अनुक्रमे प्लॅसेंटा प्रीव्हिया आणि अब्रप्शन म्हणतात. शंभर गर्भिणींत तीन ते पाच जणींना उत्तर गर्भावस्थेत काही ना काही रक्तस्राव होतो. त्यांतील मोठा वाटा या दोहोंचा आहे.

वार खाली असेल तर स्राव लालभडक, वेदनारहित, बहुधा काही निमित्त नसताना, कित्येकदा झोपेत होतो. पोट मऊ असते. बाळाचे डोके खाली बसलेले नसते. बाळ आडवे किंवा पायाळू असण्याचे प्रमाण अधिक. जितके रक्त बाहेर दिसते तितकीच स्त्री पांढरी पडते. ज्या स्त्रीचे पूर्वी सिझेरियन झाले आहे तिच्यात वार खाली असण्याचा संभव वाढतो, आणि शिवाय ती जुन्या व्रणात खोल रुतून बसण्याचे भय असते. वार खाली आणि पूर्वी एक सिझेरियन असेल तर शंभरांत सुमारे अकरा, दोन सिझेरियन असतील तर सुमारे चाळीस जणींत असे रुतणे आढळले आहे. अशा स्त्रीचा प्रसव तालुक्याच्या लहान प्रसूतिगृहातही होऊ नये.

वार अकाली सुटली असेल तर चित्र उलट असते. पोटात सतत दुखते, गर्भाशय लाकडासारखा घट्ट लागतो, स्पर्श सहन होत नाही, स्राव काळपट असतो. आणि सर्वांत घातक म्हणजे स्राव अत्यल्प किंवा मुळीच नसू शकतो, कारण रक्त वारेच्या मागे साचते. बाहेर चार डाग आणि स्त्री मात्र घामाघूम, नाडी क्षीण व शीघ्र, चेहरा कागदासारखा. अशा वेळी ‘स्राव किती?’ हा प्रश्नच चुकीचा. बाळाच्या हालचाली कमी झाल्या का, हे विचारावे. काही काळातच रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. मग सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त झिरपत राहते.

या प्रकाराच्या हेतूंत उच्च रक्तदाब अग्रस्थानी आहे. येथे एक सूक्ष्म पण फार महत्त्वाची गोष्ट. जिचा रक्तदाब गेल्या आठवड्यात १६०/११० होता, तिचा आज रक्तस्रावानंतर १२०/८० आला तर तो प्राकृत समजू नये. तो घसरलेला आहे. जुना कागद पाहिल्याशिवाय हे कळत नाही. दुसरा हेतू अभिघात. सुश्रुतांनी यान, मार्गगमन, प्रस्खलन, प्रपतन, अभिघात अशी जी यादी दिली आहे, तीत आज दुचाकीची भर घालावी. पडल्यानंतर काही तासांनीही वार सुटू शकते, म्हणून ‘काल पडली, आज बरी आहे’ यावर विसंबू नये. आणि ‘पाय घसरला’ असे सासू सांगत असेल व सून खाली पाहत असेल, तर दोन मिनिटे तिला एकटीला विचारावे. अभिघात नेहमीच पायरीवर होतो असे नाही.

धूम्रपानाचा या व्याधीशी संबंध सुविदित आहे. आपल्याकडील स्त्रिया धूम्रपान फारसे करत नाहीत, परंतु मशेरी लावणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येक जणी तिला तंबाखूच मानत नाहीत. मुंबईतील १२१७ गर्भवतींचा जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके कमी वजनाची व लवकर जन्मणारी आढळली. तो अभ्यास रक्तस्रावाविषयी नव्हता हे खरे; तथापि गर्भिणीच्या प्रश्नावलीत ‘मशेरी लावता का?’ हा प्रश्न असावा, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

तिसरे एक कारण विरळ आहे पण बाळाच्या दृष्टीने भयंकर. बाळाच्याच रक्तवाहिन्या पडद्यातून गर्भाशयमुखावर पसरलेल्या असतात आणि पाणमोट फुटताना त्या फाटतात. जाणारे रक्त आईचे नसून बाळाचे असते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त. तेव्हा दोन-तीन वाट्या स्राव आईस काहीच वाटत नाही आणि बाळ जाते. याखेरीज गर्भाशयमुखावरील व्रण, अंकुर, क्वचित अर्बुद हीही कारणे आहेत. आणि दिवस भरल्यावर कळांबरोबर येणारा रक्तमिश्रित चिकट स्राव तर प्रसवाचेच लक्षण होय. परंतु हे भेद दवाखान्यात बसून ठरवू नयेत.

पिचू, बस्ती आणि बोट

आता आपल्या नित्य व्यवहाराकडे येऊ. मासानुमासिक गर्भिणी परिचर्येत नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती व त्याच तैलाचा योनिपिचू चरकाचार्यांनी सांगितला आहे. सुश्रुतमते आठव्या महिन्यात आस्थापन व अनुवासन. सुखप्रसवार्थ हा क्रम आज अनेक चिकित्सालयांत मोठ्या उत्साहाने केला जातो, आणि त्याविषयी आमचा आक्षेप नाही. आमचा आग्रह इतकाच की पिचू धारण करविण्यापूर्वी सोनोग्राफीचा अहवाल स्वतः वाचावा व त्यात वार कोठे आहे हे पाहावे. वार गर्भाशयमुखावर किंवा त्यापासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर त्या स्त्रीस पिचू नाही, बस्ती नाही, उत्तरबस्तीचा तर प्रश्नच नाही. अहवाल नसेल तर वार खालीच आहे असे समजून चालावे. नवव्या महिन्यात घरोघरी दिले जाणारे एरंडेलही अशा स्त्रीस वर्ज्य आहे, हे नातेवाइकांना बजावून सांगावे.

स्राव होत असता तर योनीत काहीही घालू नये. पिचू नाही, कापसाचा बोळा नाही, आणि तपासणीसाठी बोटही नाही. वार तोंडावर असताना बोटाने तपासणे म्हणजे थेंबथेंब गळणाऱ्या भांड्याची बूच उपटणे होय. बेलफास्ट येथील मॅकाफी यांनी १९४५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. आतून तपासणी केली नाही तर पहिल्या स्रावाने आई सहसा दगावत नाही, म्हणून बाळाची वाढ होईपर्यंत रुग्णालयात सर्व सिद्धता ठेवून थांबता येते, हे त्याचे सार. तत्पूर्वी अशा गर्भिणीचा प्रसव तत्काळ घडवून आणीत आणि अपुऱ्या दिवसांची बालके दगावत. ‘हात लावू नका’ या एका नियमाने केवढे अंतर पडले!

औषधांविषयी

आपल्या स्तंभन द्रव्यांपैकी एकाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वासा हे रक्तपित्तातील श्रेष्ठ द्रव्य. परंतु वासामूलाचा बाह्य प्रयोग सुखप्रसवासाठीही सांगितला आहे, हे आपण विसरतो. वासेतील व्हॅसिसीन या घटकाची गर्भाशय-संकोचक क्रिया प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आली आहे. जेथे गर्भाशय शांत राहावा अशी आपली इच्छा, तेथे त्यास संकोच करविणारे द्रव्य देणे विपरीत नव्हे काय? कज्जलीयुक्त कल्प गर्भिणीस देताना जो विचार करावयाचा तो स्वतंत्र आहेच. दूर्वा, नागकेशर, शतावरी ही सौम्य द्रव्ये अपायकारक नाहीत असे म्हणावे, तरी ती देण्यात गेलेला वेळ हा अपाय आहे.

औषधविक्रेते बंधूंसाठी थोडे अधिक. आयुर्वेदीय औषधे विकण्यास विक्री-परवाना लागत नाही. ही सवलत आहे, पण त्यामुळे खिडकीवर उभ्या माणसास थांबविणारे दुसरे कोणी नसते. बोलबद्ध रस, अशोकारिष्ट किंवा प्रदराच्या गोळ्या कोणी मागितल्या तर ‘कोणासाठी?’ आणि ‘दिवस गेलेले आहेत का?’ हे दोन प्रश्न विचारावेत. ज्यांच्याकडे ॲलोपॅथिक औषधेही आहेत त्यांच्याकडे पाळीच्या अतिस्रावावरील ट्रानेक्झॅमिक व मेफेनॅमिक ॲसिडची जोडगोळी हमखास मागितली जाते. ही दोन्ही शेड्यूल ‘एच’मधील, चिठ्ठीशिवाय देऊ नयेत अशी. पैकी मेफेनॅमिक ॲसिडसारखी वेदनाशामके विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांस व पुढे हृदयाजवळील रक्तवाहिनीस अपाय करू शकतात. ट्रानेक्झॅमिक ॲसिडची २०१७ साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी प्रसवोत्तर रक्तस्रावाची होती. प्रसवापूर्वी घरी घेण्यास तिचा आधार नाही. गर्भाशय आवळणारे अर्गोमेट्रीन तर बाळ पोटात असताना कदापि देऊ नये. सातवा महिना उलटलेल्या स्त्रीच्या स्रावासाठी दुकानात द्यावयाची वस्तू एकच, आणि ती म्हणजे १०८ क्रमांक लावून हातात दिलेला फोन.

पहिली दहा मिनिटे

स्त्री दारात आली आहे असे समजू. तिला डाव्या कुशीवर निजवावे. चरकोक्त शिरोनिम्न शय्या चौथ्या-पाचव्या महिन्यात ठीक; आठव्या महिन्यात उताणे निजविल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब आणखी उतरतो. नाडी व रक्तदाब पाहावा आणि वेळेसह लिहावा. तरुण गर्भिणीचे शरीर लिटरभर रक्त गेले तरी रक्तदाब सावरून धरते, म्हणून नाडीवर अधिक विश्वास ठेवावा. नाडीचा अंक रक्तदाबाच्या वरच्या अंकाजवळ येऊ लागला की धोका जवळ आला. पोटावर हलका हात ठेवून ते मऊ आहे की घट्ट, एवढेच पाहावे. साधन व सराव असेल तर जाड सुईने शिरेतून सलाइन सुरू करावे. नसेल तर त्यासाठी खटपट करीत बसू नये. तोंडाने दूध, कषाय, लाजामंड काहीही देऊ नये, कारण तासाभरात भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. भिजलेले कपडे टाकून देऊ नयेत, बरोबर पाठवावेत.

एकीकडे गाडी बोलावलेली असावी. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून उपलब्ध आहे, आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयात प्रसव, सिझेरियन, रक्त व वाहतूक विनामूल्य आहे. खर्चाच्या भीतीने घुटमळणाऱ्या नवऱ्यास हे तेथेच सांगावे. जवळचे रुग्णालय निवडण्यापेक्षा जेथे त्या घटकेस शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही आहेत ते निवडावे, व निघण्यापूर्वी फोन करावा. गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे, न हिंदकळता सांभाळावे ही चरकाचार्यांची उपमा सर्वांस ठाऊक आहे. ती गाडीच्या चालकासही सांगावी. बरोबर रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे असावीत.

चिठ्ठी लहान पण पूर्ण असावी. आमची सध्याची चिठ्ठी साधारण अशी असते: ‘वय २६, दुसरी खेप, पूर्वी एक सिझेरियन, ३३ वा आठवडा. सकाळी ६ पासून वेदनारहित लाल स्राव, दोन कपडे भिजले. ७.१० वाजता नाडी १०४, रक्तदाब ११०/७०. पोट मऊ, बाळाची हालचाल आहे. रक्तगट बी निगेटिव्ह. आतून तपासणी केलेली नाही. तोंडाने काही दिलेले नाही.’ शेवटची दोन वाक्ये वाचली की पुढील डॉक्टरांचा आपल्याविषयीचा आदर वाढतो, हा आमचा अनुभव आहे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनाचा निर्णय घ्यावा लागतो, म्हणून तो लिहिणे अगत्याचे.

स्त्री रस्त्याला लागली म्हणजे आपले काम संपले असे नव्हे, पण आता अधिकार दुसऱ्याचा आहे. गुल्मचिकित्सेत शस्त्रकर्माची वेळ आली तेव्हा तेथे धान्वंतरीयांचा अधिकार आहे असे सांगून चरकाचार्य बाजूला झाले. कायचिकित्सेच्या सर्वश्रेष्ठ आचार्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. रुग्णालयात सोनोग्राफी होते, रक्त जुळवले जाते, दिवस ३४ आठवड्यांच्या आतील असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात. वार खाली असून स्राव थांबला व आई-बाळ स्थिर असतील तर ३६ ते ३७ आठवड्यांपर्यंत थांबून सिझेरियन करतात. वार सुटली असेल तर थांबणे नसते.

आधीचे आणि नंतरचे

या व्याधीत वैद्याचे खरे क्षेत्र स्रावाच्या आधी आणि नंतर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षीण आढळल्या. हिमोग्लोबिन १२ असलेली स्त्री जो स्राव सोसते तो ७ असलेली सोसू शकत नाही. पांडूची चिकित्सा आपणास उत्तम येते. ती चौथ्या महिन्यापासून मनापासून करावी, शासनाकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद न करता. विसाव्या आठवड्यात वार खाली दिसली असेल तर बत्तिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चुकवू देऊ नये, आणि तोवर व्यवाय व दूरचा प्रवास वर्ज्य सांगावा. दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय केंद्रांत गर्भवतींची जी तपासणी २०१६ पासून होते, तीस आपल्या रुग्णांना आवर्जून पाठवावे. त्याने आपला रुग्ण तुटत नाही.

प्रसवोत्तर काळात अशी सूतिका आपल्याकडे परत येतेच. बल, अग्नी व रक्त यांची पुनर्स्थापना हे आपले काम आहे आणि तेथे आपली औषधे मनःपूर्वक वापरावीत. मात्र एका रुग्णेविषयी सावध असावे. बाळ दोन-तीन महिन्यांचे आहे, दूध पहिल्या दिवसापासून आलेच नाही, शतावरी कल्पाचे डबे संपले, थकवा व थंडी वाजणे जात नाही, आणि पुढे वर्ष झाले तरी पाळी नाही. अशा स्त्रीस स्तन्यक्षय म्हणून आणखी एक डबा देण्यापूर्वी प्रसवाच्या वेळी किती रक्त गेले होते, किती बाटल्या चढविल्या, हे विचारावे. अतिरक्तस्रावाने मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी निकामी होते, हे शीहान यांनी १९३७ साली दाखविले. त्या स्त्रीस हार्मोनच्या तपासणीसाठी पाठवावे, आणि तपासणीचा कागद हाती येईपर्यंत तिला लंघन किंवा शोधन देऊ नये.